जुनी जावा-येझदी घ्यायची म्हणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून दोनदा माझा फोन तापतो. एकदा दिवाळीच्या बोनसनंतर आणि एकदा जुलैत, जावा डेचे, म्हणजे जावावाल्यांच्या वार्षिक मेळ्याचे, फोटो सगळीकडे फिरायला लागले की. जुन्या जावा-येझदी मोटारसायकलींबद्दलचे प्रश्न तेच असतात, त्यामुळे उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही. एक १९७०च्या आसपासची जावा आणि एक रोडकिंग (येझदीचंच एक मॉडेल), एवढाच माझा संसार. जे कळतं त्यातलं बरंचसं साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून आलंय. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, आणि खाली ते अधूनमधून येतील.

व्हिंटेज म्हणजे नक्की किती जुनी?

बोलताना लोक काहीही म्हणतात. ९०ची आरएक्स हंड्रेडसुद्धा हल्ली ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जाते. कायद्यापुरतं बोलायचं तर २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने नियमात बदल केला आणि ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणायचं ठरवलं. अट एकच, गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठे फेरफार नकोत. या हिशोबाने साठच्या दशकातली जावा व्हिंटेज झाली, पण रोडकिंग १९७८ला आली म्हणजे अगदी पहिली रोडकिंगही २०२८ उजाडल्याशिवाय बसत नाही. माझी तर आणखी थांबणार.

जावा आणि येझदी एकच का वेगळ्या?

घराणं एकच. प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक नावाचा शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता. त्याने १९२९मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलचा परवाना घेतला. यानेचेकचा ‘जा’ आणि वाँडररचा ‘वा’, झाली जावा.

आपल्याकडे ती आली इराण्यांच्या हातून. पन्नासच्या दशकात चेकोस्लोव्हाकियातून तयार गाड्या यायच्या. मग आयातीवर निर्बंध आले, आणि रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला यादवगिरीत कारखाना टाकला, आयडियल जावा. १९६१ला तिथून गाड्या निघायला लागल्या. परवान्याची मुदत सरल्यावर १९७३पासून टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं. त्यामुळे १९७२ची जावा आणि १९७४ची येझदी शेजारी उभ्या केल्या तर नवख्याला टाकीवरचा बिल्ला सोडून फरक सांगता येणार नाही. रोडकिंग, क्लासिक, मोनार्क हे सगळं त्यानंतरचं.

‘येझदी’ हे नाव कुठून आलं?

दोन गोष्टी सांगतात. एक, चेक भाषेत ‘येझ्दि’सारखा शब्द आहे, त्याचा अर्थ गाडी हाकण्याशी जोडलेला. दुसरी, इराणातलं यझ्द शहर, इराण्यांचं मूळ गाव मानलं जातं ते. मला दुसरी जास्त आवडते. आमच्या भागात मात्र कुणी येझदी म्हणत नाही, ‘येजडी’च म्हणतात, आणि त्याहून जुनी माणसं सरळ ‘फटफटी’.

एवढी दणकट गाडी, मग कंपनी बंद का पडली?

१९८४-८५नंतर जपानी हातमिळवणीच्या १०० सीसी गाड्या आल्या. हलक्या, एका किकमध्ये सुरू, आणि होंडाची चार स्ट्रोकची सीडी हंड्रेड तर पेट्रोलचा नुसता वास घेऊन चालायची. नोकरदार माणसाने येझदी का घ्यावी, याचं उत्तर उरलं नाही. धुराचे नियम कडक होत गेले, आणि १९९६ला कारखान्याला कुलूप लागलं. कंपनीची जाहिरात होती ‘फॉरएव्हर बाईक, फॉरएव्हर व्हॅल्यू’. बाईकच्या बाबतीत खरं ठरलं. कारखान्याच्या बाबतीत नाही.

पहिली गाडी घ्यायची आहे. आधी काय बघू?

आधी मिस्त्री बघा.

चेष्टा नाही. तुमच्या घरापासून ढकलत नेता येईल एवढ्या अंतरात जावाचं इंजिन उघडलेला माणूस आहे का, ते शोधा. नसेल तर गाडी घेऊ नका, टाकीएवढं एखादं मॉडेल शोकेसमध्ये ठेवा. गाडी पैशाने मिळते, मिस्त्री ओळखीने मिळतो, आणि ती ओळख व्हायला दोन-चार महिने गॅरेजच्या फळकुटावर बसून चहा प्यावा लागतो.

मिस्त्री सापडला की त्याला घेऊन गाडी बघायला जा. तो काय करतो ते नीट बघा, कारण मालक बोलत असताना तो बोलत नाही. चाचा पहिल्यांदा गाडीला हात न लावता भोवती एक फेरी मारतात. मग चेनकव्हरला जोडलेले रबरी भाते दाबून बघतात. या गाड्यांची चेन पूर्ण बंद डब्यात असते. भाते फाटके असतील तर पाणी-माती आत गेली, आणि मालकाने बाकीची काळजीही तशीच घेतली असणार. मग गिअर ऑईलचं झाकण उघडून बोट बुडवून वास घेतात.

आता खरी गोम. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन बाजूंना दोन ऑईल सील असतात. डावीकडे क्लच आहे. तिकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑईल ओढून जाळायला लागतं. धूर कमी होत नाही, आणि गिअर ऑईल मात्र गुपचूप कमी होत राहतं. उजवीकडे डायनॅमो आहे. तिकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही. धूर बघून सगळेच घाबरतात. पण घाबरायचं ते दुसऱ्या प्रकाराला, कारण तिथे पिस्टन सीज होतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकून बसतो. म्हणून गाडी पाच मिनिटं तापू द्या, मूठ पिळून सोडा आणि आवाज किती वेळात खाली येतो ते ऐका. मी पहिल्यांदा चाचांना विचारलं होतं, “काय बघायचं असतं?” तर म्हणाले, “बघायचं काय त्यात, ऐक की.”

मालकाला एक प्रश्न नक्की विचारा: गाडी कितव्या बोअरवर आहे, म्हणजे सिलिंडर आतून किती वेळा घासून मोठा केलाय? तो “बोअर म्हणजे?” म्हणाला तर बरं. “इंजिन कधी उघडलंच नाही” म्हणाला तर किंमत पाडा. पन्नास वर्षांत न उघडलेलं इंजिन एकतर चाललेलं नसतं, नाहीतर तो खोटं बोलतोय.

कागदपत्रं नसलेली गाडी स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

नको. स्पेअर म्हणून घेत असाल तर वेगळी गोष्ट.

कागद असले तरी नंबर स्वतः जुळवा. चेसिस नंबर हँडलच्या मुंडीपाशी ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते, आरटीओतही असाच घेतात. आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का बघा. एखादा आकडा नाचत असेल तर तिथूनच नमस्कार करा.

एमएच यायच्या आधीच्या, म्हणजे १९८९पूर्वीच्या नंबरांच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा संगणकावर चढलेली नसते. मग जुन्या रजिस्टरातून शोधून ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या. माझी जावा ज्या कुटुंबाकडून घेतली तिथे तीन भाऊ; दोन बोलत होते, तिसरा दोघांशीही बोलत नव्हता. सही मिळायला सात महिने लागले. तेवढ्यात मी त्या तिन्ही घरांत जेवलो. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, वारसाकडून असेल तर ३१, नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ने. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि हरित कर, हे धरून चाला.

मग ‘व्हीए’ वाला व्हिंटेज नंबर घ्यावा का?

त्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढच्या वेळी ५,०००. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यासाठी रस्त्यावर आणता येते, पण रोज मंडईत नेता येत नाही. ज्याची गाडी काचेत ठेवायची आहे त्याने घ्यावा. तुमची जुनी नोंदणी जिवंत असेल आणि तुम्हाला गाडी चालवायची असेल, तर माझ्या मते आहे तो नंबर सांभाळा. शिवाय तीन अक्षरी जुन्या नंबरप्लेटची शान व्हीएला नाही.

किक कुठे आहे?

हा प्रश्न खरंच येतो, आणि विचारणाऱ्याची चूक नाही. जावाला किक आणि गिअर एकाच दांड्यावर आहेत, तेही डावीकडे. गिअरचा दांडा इंजिनाकडे आत दाबायचा, वर फिरवून उभा करायचा, की त्याची किक होते. सुरू झाली की पायाने परत पुढे लोटायचा, की तोच गिअर. उजव्या पायाने किक मारायची सवय असलेला माणूस गाडीवर बसून आधी उजवीकडे चाचपडतो, मग डाव्या पायाने लंगडी घालतो. सवय होईपर्यंत शेजारी उभं राहून मारा.

माझी सकाळ सांगतो. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरवरचं बारकं बटण बोटाने दाबून धरायचं, पेट्रोल बोटाला लागेपर्यंत. दोन किका चावीशिवाय, नुसत्या. मग हेडलाइटच्या डोक्यात चावी खुपसायची. ही चावी म्हणजे जवळजवळ खिळाच. आमच्या गल्लीत एकाने खरोखरच खिळा वापरून शेजाऱ्याची जावा फिरवून आणली होती. तिसऱ्या किकला निघते. थंडीत पाचव्या. सातव्यालाही निघाली नाही तर थांबा, प्लग काढा, तो ओला झालाय.

आणखी एक गंमत: जावात गिअरचा दांडा हलवला की क्लच आपोआप सुटतो. म्हणजे एकदा गाडी पळायला लागली की क्लच न दाबता गिअर टाकता येतात. एवढ्या जुन्या डिझाइनमध्ये.

पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं?

जुन्या मापाने पंचवीसला एक, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑईल). आताची ऑईल चांगली आहेत म्हणून बरेचजण ३०वर येतात. मी नवीन बोअरला ४०, नंतर ३५. ऑईल आधी थोड्या पेट्रोलमध्ये बाटलीत हलवून मग टाकीत ओता, नुसतं वरून ओतलं की ते तळाशी बसतं. पंपावरचा पोरगा हल्ली विचारतो, “काका, टू-टी म्हणजे?” त्यामुळे एक बाटली डिकीत असू द्या.

मायलेज?

पंचवीस-तीस. पुढचा प्रश्न.

ई-ट्वेंटी (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलने इंजिन खराब होतं का?

इंजिनाच्या आधी बाकीचं होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज चालत असेल तर फार बिघडत नाही, पण आपल्या गाड्या महिना-महिना उभ्या असतात. पाणी तळाशी साठतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. जुनी रबरी नळी कडक होऊन तडकते. त्यावर उपाय साधे: नळी आणि कार्ब्युरेटरचे रबरी भाग इथेनॉल चालणारे बसवा, गाडी ठेवताना कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जळून जाईपर्यंत चालवा, आणि पावसाळाभर ठेवणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका, एकतर भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळही होतं, तेव्हा मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एकदा तपासून घ्या.

सीज होणं म्हणजे काय? कळतं का आधी?

कळतं, पण उशिरा. माझी खंबाटकीच्या चढाला झाली. मे महिना, मागे मेव्हणा, आणि मी दुसऱ्यावरून उगाच तिसऱ्यात टाकून ओढत होतो. आधी एक बारीक किणकिण आली, जणू कुणीतरी खिशातली चिल्लर हलवतंय. मग गाडी मागून कुणी धरल्यासारखी जड झाली. तेवढ्यात क्लच दाबायला हवा होता. मी दाबला नाही. मागचं चाक क्षणभर घसटलं आणि सगळं शांत. मेव्हणा म्हणाला, “दाजी, पेट्रोल संपलं वाटतं.”

अर्धा तास सावलीत थंड होऊ दिली, किक फिरली, हळूहळू घरी आलो. उघडल्यावर पिस्टनवर नखांनी ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा होत्या. म्हणून सांगतो, घाटात दोन बोटं क्लचवर ठेवायची.

स्पेअर पार्ट मिळतात का?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरे मिळतात. म्हैसूर-बेंगळुरूच्या बाजूला अजून बनवणारे आहेत, चेकमधूनही नवे पार्ट येतात, महाग पण मापाचे. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची स्पेअरची दुकानं आणि चोरबाजार, पुण्यात जुना बाजार. जुन्या बाजारात गोणपाटावर पडलेल्या ढिगात हात घालण्याआधी विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, त्याला तुमची गरज कळते. आमच्यातला एकजण जावाचा टूलबॉक्स दिसला की शेजारचा स्टोव्ह उचलून त्याचा भाव करतो.

आणि जे कुठेच मिळत नाही ते लेथवाला बनवतो. बुशिंग, पिना, स्पिंडल, सगळं. या सगळ्या छंदाचा कणा खरं तर लेथवाला आहे. त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

रंग आणि क्रोम नवीन करू का जुनंच ठेवू?

यावर आमच्यात भांडणं होतात. माझं मत: जुना रंग सत्तर टक्के शिल्लक असेल तर हात लावू नका. एकदा घासला की परत येत नाही. मी ही चूक केलीय. टाकीच्या बाजूचं क्रोम फिकट झालं होतं म्हणून एका प्लेटिंगवाल्याकडे दिली. त्याने एवढं घासलं की आकाराची धार गेली, वर क्रोम चढवलं ते आरशासारखं, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात फुगे आले. जुन्या क्रोमखाली निकेलचा जाड थर असतो, तो नीट द्यायला वेळ लागतो. घाईच्या कामात तोच वाचवला जातो.

रेघांचं मात्र वेगळं. जावाच्या मरून टाकीवर सोनेरी रेघ असते. स्टिकरची रेघ दहा फुटांवरून ओळखू येते. हाताने लायनिंग करणारे पेंटर पूर्वी ट्रकवर, पाट्यांवर काम करायचे. आता फ्लेक्सने ते संपवलं. मला सापडला तो पंढरपूरकडचा, सत्तरीचा. लांब केसांचा बारीक ब्रश, रंगाचं दोन थेंब जास्त पातळ मिश्रण, करंगळी टाकीच्या कडेला टेकवलेली. श्वास रोखला आणि पूर्ण टाकीभर एका ओढीत रेघ नेली. वळणावर कुठे जाड नाही, कुठे तुटली नाही. मग चष्मा काढून म्हणाला, “आता दुसरी बाजू उद्या. आज हात झाला.” त्याने पैसे घेतले ते स्टिकरवाल्यापेक्षा कमी. मला लाज वाटली, जास्त दिले.

बुलेट का नाही घेतली?

बुलेट चांगलीच आहे. जुन्या बुलेटला अँपिअरचा काटा मध्यावर आणून डीकॉम्प्रेशन दाबून किक मारण्यात जो सोहळा आहे त्याला तोड नाही, आणि तिचे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. राजदूत ३५० घ्यायची असेल तर खिसा आणि हाडं दोन्ही मजबूत लागतात. १९८३ ते ८९ एवढीच वर्षं ती बनली, ब्रेक तिच्या पळण्याच्या मानाने कमी. मला जावा आवडते कारण एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत. याहून पटणारं कारण माझ्याकडे नाही.

२०१८नंतरची नवी जावा घेतली तर तुमच्यात चालेल का?

चहाला चालेल. नवी गाडी चार स्ट्रोकची, पाण्याने थंड होणारी. नाव तेच, रक्त वेगळं. पण नव्या गाडीवाले आमच्या राइडला येतात, रस्त्यात आमची गाडी बंद पडली की तेच आम्हाला घरी आणतात. तक्रार नाही.

हे मिस्त्री संपल्यावर काय?

हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो. चाचा चौदाव्या वर्षी एका डीलरच्या गॅरेजला लागले, पहिली दोन वर्षं फक्त पार्ट रॉकेलमध्ये धुतले. त्यांच्या मते शिक्षण तेच होतं: धुताना पार्ट हातात फिरतो, झिजलाय कुठे ते अंगठ्याला कळतं. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत, आणि त्यांनी यावं असं त्यांनाही वाटत नाही. एक पुतण्या आहे, तो दिवसा फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लॅपटॉप लावतो आणि संध्याकाळी चाचांच्या फळकुटावर येऊन बसतो.

मागच्या वर्षी त्याने चाचांचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. पॉइंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांचा, गॅप कसा ठेवायचा, असा एक. पुस्तकात ०.४ मिलिमीटर लिहिलंय. चाचा फीलर गेज वापरत नाहीत, त्यांच्याकडे एका जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा आहे, तेलाने काळा झालेला, तो पॉइंटमध्ये सरकवतात. पुतण्याने तो तुकडा मापकावर मोजला. ०.४ आला. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग? लग्न चांगल्या घरातलं होतं.”

तो तुकडा आता पुतण्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलाय. चाचा चिडले. तेल लागल्याशिवाय तो सरकत नाही म्हणे.

जावा डेला गाडी नसताना आलं तर चालतं का?

चालतं. जुलैचा दुसरा रविवार. पुण्या-मुंबईत मोठा मेळा असतो, लहान गावांतही पाच-दहा गाड्या जमतात. पाऊस असतो, त्यामुळे निम्म्या गाड्या सुरू होत नाहीत आणि ढकलायला माणसं लागतातच. पांढरा शर्ट घालून येऊ नका, आणि कुणाच्या सायलेन्सरमागे वडापाव खात उभे राहू नका.